वेणू कोण?

तुमच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही? खरं सांगा. आमच्यात तसलं काही नाही, असं ताठ मानेनं सांगणारी घरं कोपरखैरण्यात गल्लीगणिक आहेत. गणपतीच्या पूजेला नवरा-बायको जोडीनं बसतात, आरतीला खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि घरी आलं की भांडी बोलतात, माणसं बोलत नाहीत. वेणूबाई साळुंखेचं घर त्यातलंच. फरक एवढाच, की त्या दोघांचं बोलणं ऐकायला माणसं पुढच्या खुर्च्या रुमाल टाकून अडवायची.

तिचा नवरा गंगाराम वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पाठीवर गोणी आणि तोंडात संवाद. साताऱ्यातल्या कोरेगावकडचा माणूस, शाळा अर्धवट, पण गावच्या यात्रेतली नाटकं बघून बघून त्याच्या डोक्यात पात्रं भांडायला लागायची. त्यानं स्वतःच एक नाटक लिहिलं, ‘तिसऱ्या शिट्टीपर्यंत’. पात्रं दोन, श्रीपत आणि शालन, नवरा आणि बायको. शालन कुकर लावते तिथं भांडण सुरू होतं आणि तिसरी शिट्टी होईतो दोघांनी एकमेकांचं सगळं आयुष्य उसवलेलं असतं. मग ती कुकर उतरवते, दोन ताटं घेते, पडदा. खरा कुकर असता तर डाळीचा कोळसा झाला असता. शिट्टी विंगेतून कुणीतरी तोंडानं वाजवायचं.

शालनच्या कामाला बाई मिळेना. कुणाचा नवरा नाही म्हणाला, कुणाची सासू. शेवटी घरचीच उभी केली. वेणूबाई त्याच मार्केटात कांदा निवडायला जायची. रंगमंच तिनं समोरूनच पाहिलेला. आणि पहिल्याच प्रयोगात तिनं गंगारामला खाऊन टाकलं. वाक्य कधी फेकायचं, कधी गिळायचं, हशा आला की पब्लिककडं तोंड करून तो पुरता कसा घ्यायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं कॉलनीत तिचं नावच पडलं शालनकाकू. जुन्या बायका सोडल्या तर वेणू म्हणणारं कुणी उरलं नाही. नवरा तर बायकोला नावानं हाक मारणाऱ्यातला नव्हताच. घरात ‘अगं’ आणि स्टेजवर ‘शालन’.

एका स्पर्धेत तिला अभिनयाचं बक्षीस मिळालं. त्यानंतर दादरकडचा एक नाटकवाला घर शोधत आला. त्याला त्याच्या दौऱ्याच्या नाटकात ती हवी होती. वेणूबाई तेव्हा मार्केटात कांद्याच्या ढिगापुढं बसलेली. गंगारामनं पाहुण्याला चहा पाजला आणि सांगितलं, “ती नाही यायची. आमच्यात बाया दौऱ्यावर जात नाहीत.” माणूस निघून गेला. हे वेणूबाईला कळलं पुढच्या मोसमात, तेही शेजारच्या मालतीबाईकडून. त्या दिवशी चहाला साखर तिच्याकडून नेलेली.

वेणूबाई तशीच घरात आली.

“मला विचारलं का?”

“त्यात काय विचारायचं?” गंगाराम म्हणाला.

“माझं काम. मला विचारायचं.”

“झालं ते झालं. जेवायला वाढ.”

तिनं वाढलं. पण त्या ताटानंतर तिनं त्याच्याशी बोलणं बंद केलं. हा विचारील तेव्हाच तोंड उघडीन, असं तिनं मनाशी धरलं, आणि तोही साताऱ्याचाच, तोही गप्प झाला. हट्टाला हट्ट भेटला. त्यांचा मुलगा सनी तेव्हा शाळेत होता. तो दोघांमधला पोस्टमन झाला. तो मोठा होऊन उरणला कंटेनर यार्डात लागला, तिकडंच खोली घेऊन बायको-पोरांसह राहायला गेला, तेव्हा घरातलं टपालही बंद झालं.

तुम्ही म्हणाल, मग नाटक? नाटक चालूच होतं. तेच तर सांगतोय. गणपतीत, युनियनच्या मेळाव्यात, गावाकडच्या यात्रांत, बोलावणं येईल तिथं दोघं जायचे. एसटीत वेगवेगळ्या सीटवर बसायचे आणि स्टेजवर गेले की अशी तोंडं सुटायची, की बघणारी जोडपी एकमेकांना कोपर मारून सांगायची, शिका जरा. संहितेत नसलेली पदरची वाक्यं घालायची दोघांनाही सवय होती, आणि त्या पदरच्या वाक्यांतच त्यांचा संसार चालायचा. श्रीपत शालनला म्हणायचा, “भाजीत मीठ किती घालतीस, माझं बीपी बघितलंस का?” पब्लिक हसायचं. दुसऱ्या दिवसापासून घरच्या भाजीत मीठ कमी. शालन श्रीपतला सुनवायची, “मोरीचा नळ गळतोय, तुमच्या डोक्यासारखा.” पुन्हा हशा. दोन दिवसांत नळ दुरुस्त. कोण कोणाला काय सांगतंय, पब्लिकला पत्ता नसायचा. नियम एकच आणि तो कुणी न ठरवताच पडलेला. जे सांगायचं ते श्रीपतनं शालनला सांगायचं. गंगाराम आणि वेणू स्टेजवर येणार नाहीत.

तो नियम गंगारामनं एकदाच मोडला.

कॉलनीचाच गणपती. अलीकडं त्याचं पाठांतर हलायला लागलं होतं, आधीच्या एका प्रयोगात एक अख्खं पान त्यानं उडवलेलं. वेणूबाई सावध होती. दुसरी शिट्टी झाली, आणि गंगाराम बोलायचा थांबला. ती त्याच्या वाक्याची वाट बघत होती. तो म्हणाला, “वेणू, घरी गेल्यावर बोलशील का?”

मंडपात खसखस पिकली. साळुंखे नाव चुकला, शालनच्या जागी घरचं नाव घेतलं. वेणूबाईच्या अंगात नटी होती, ती क्षणभर थांबली नाही. गर्रकन पब्लिककडं वळली, कमरेवर हात ठेवला.

“वेणू कोण? बाहेर एक ठेवलीय वाटतं.”

मंडप कोसळायचा बाकी होता. शिट्ट्या, टाळ्या, म्हाताऱ्या डोळे पुसतायत हसून. ती तो हशा शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. वळून बघितलं तेव्हा गंगाराम पुढच्या वाक्यावर गेलेला होता. नाटक बिनचूक पार पडलं. उतरल्यावर जो तो म्हणत होता, काकू, वाचवलंत तुम्ही, काय ते प्रसंगावधान.

घरी येऊन तोंडाचा रंग पुसताना तिच्या हातातलं फडकं थांबलं. घरी गेल्यावर बोलशील का, असं काही नाटकात कुठंच नव्हतं. त्याच्या मागंपुढंही नव्हतं. तो वाक्य विसरला नव्हता. त्यानं विचारलं होतं.

बाहेरच्या खोलीत तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. ती दारात उभी राहिली. आता परत विचारील, आता मंडप नाही, पब्लिक नाही. तो वळला नाही. तीही पुढं झाली नाही. इतकी वर्षं मुरलेला ताठा असा एका रात्रीत सुटत नसतो, मग तो कितीही मूर्खपणाचा असो. त्या दिवाळीनंतर गंगाराम गेला. हार्टनं. मार्केटातच, गोण्यांच्या थप्पीला टेकून बसलेला.

तेव्हापासून वेणूबाई पातेल्यात भात लावते. एकटीच्या भाताला कुणी कुकर काढत नाही.

मग सिनेमाचं निघालं. सई नावाची नेरुळची मुलगी, पहिलाच सिनेमा करणारी, तिला कुणीतरी त्या गणपतीतल्या प्रयोगाचा व्हिडिओ दाखवला. लग्नं शूट करणाऱ्या पोरानं मंडपाच्या मागून काढलेला, माणसं मुंगीएवढी, आवाज मात्र खणखणीत. सई वेडी झाली. सनीला गाठलं, आणि सनीनं परस्पर होकार देऊन मग आईला फोन केला.

“आई, अप्पांच्या नाटकाचा पिक्चर निघतोय.”

“मला विचारलं का?”

सनी म्हणाला, “तू काय नाही म्हणणार होतीस का?”

“तुझा बाप पण असंच म्हणला असता,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पण ती गेली. साताऱ्याकडची बोली नटांच्या तोंडात बसवायला तिला बोलावलं होतं. महाप्याला एका बंद पडलेल्या ऑफिसच्या मजल्यावर त्यांनी तिची खोली उभी केली होती. मोरी, मांडणी, कॅलेंडर, सगळं. फक्त भिंती मागून प्लायच्या. तिला खुर्ची दिली, बिनसाखरेचा चहा दिला, शालनकाकू शालनकाकू करत सगळे पायाशी बसले. श्रीपतचं काम करणारा स्वानंद आणि शालन झालेली राजनंदिनी वाचायला लागले. वेणूबाई सांगत होती, “‘जेवलास का’ नाय, ‘जेवलासा का’ म्हणा. नवऱ्याला अरे-तुरे करती का ती?”

मग एक पान आलं. श्रीपतचा फोन वाजतो. शालन बघते आणि विचारते, “हा वेणूचा मेसेज कशाला आला?”

वेणूबाईनं कप खाली ठेवला. “ही वेणू कोण?”

“काकू, तुमच्याच व्हिडिओतून घेतली,” सई खुशीत म्हणाली. “श्रीपतचं बाहेर प्रकरण आहे ना, तो नाव घेतो तिथं. तुमचा तो डायलॉग तर आमचा ट्रेलर आहे. नाटकात ते नुसतं सूचित होतं, मी पूर्ण ट्रॅक केलाय. स्टेजवर दोन माणसं दोन तास बोलली तर चालतं, पडद्यावर काहीतरी घडावं लागतं.”

“बाई आणली म्हंजे घडलं?”

सगळे हसले. त्यांना वाटलं, काकू मजा करतायत. कोपऱ्यात एक गोरीशी पोरगी मोबाइलवर बसली होती, तिनं हात वर केला. “हाय काकू. मी वेणू.”

वेणूबाईनं तिच्याकडं नीट बघून घेतलं. त्या दिवशी ती त्यावर काही बोलली नाही. काय बोलणार? ती वेणू मी हाय म्हणावं, तर पुढं सगळंच सांगावं लागणार. ज्या जोडीचं उदाहरण अख्खी कॉलनी देत होती, ती जोडी घरात मुकी होती, हे सांगावं लागणार. न सांगावं, तर जन्मात एका बाईकडं वर मान करून न बघितलेला गंगाराम बाहेरख्याली ठरणार, आणि ती भानगड म्हणजे त्याची स्वतःचीच बायको.

घरी येऊन तिनं सनीला फोन लावला.

“आई, पिक्चर आहे तो,” सनी म्हणाला. मागं यार्डातले कंटेनरचे ट्रक रिव्हर्स घेताना पिकपिक करत होते. “नाव तर श्रीपत आहे ना.”

“आणि त्या बाईचं?”

“मग सांग ना त्यांना.”

“सांगितलं तर मागचं सगळं निघंल. लोक काय म्हणतील, ढोंगी होते दोघं.”

“मी आयुष्यभर बोललो का कुणाला? शाळेत पोरं म्हणायची, तुझे आईबाप काय भारी भांडतात रे. मी म्हणायचो, हो, भारी.” ट्रकचा आवाज मोठा झाला. “ठेवतो आई. गाडी लागली. रविवारी बघतो जमलं तर.”

रविवारी त्याला जमणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं फोन खाली ठेवला. पुढं कुणाला लावावा, असं दुसरं नाव तिच्याकडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती महाप्याला सगळ्यांच्या आधी पोचली. सई आणि स्वानंद खोट्या खोलीत नटांच्या उभं राहायच्या जागांना चिकटपट्टी लावून मार्किंग करत होते. वेणूबाई खोट्या मोरीच्या कट्ट्यावर बसली.

“पोरी, ती वेणू काढ.”

“काकू, असं ऐन वेळी कसं काढू?”

“माझं नाव वेणू हाय.”

सईच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. मग वेणूबाईनं सांगितलं. नाटकवाला, साखर, जेवायला वाढ, मीठ आणि नळ, सगळं. रडली नाही, आवाज चढवला नाही. कांदा निवडावा तसं एकेक काढून ठेवलं.

“पण त्यांनी घरी का नाही विचारलं?” सईनं विचारलं.

“घरी कसं इचारणार? घरी बोलायचं आमी विसरलो होतो.”

“आणि परत?”

“पब्लिक हसलं गं. एवढं हसल्यावर कोण परत इचारतं?”

आता स्वानंद पुढं झाला. नट आहे, त्याला त्याचंच पडलेलं. पण प्रश्न त्यानं नेमका विचारला. “काकू, तुम्ही तो पंच मारलात तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता?”

वेणूबाईनं पदर सारखा केला. “म्हाईत नाय.”

“म्हणजे?”

“माझं तोंड पब्लिककडं होतं.”

सईनं लॅपटॉप उघडला, व्हिडिओ लावला, मोठा केला. गंगारामच्या जागी नुसते चौकोन चौकोन दिसले. तिनं तो बंद केला.

मग त्या तिघांनी तिथंच बसून वाट काढली, आणि ती सुचवली वेणूबाईनं. लग्नात पोरीचं नाव बदलायची रीत आहेच आपल्याकडं. सासरी शालन, माहेरी वेणू. सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकायचं, की या घरात येऊन वेणूची शालन झाली आणि त्या नावानं तिला परत कुणी हाक मारली नाही. मग नवरा वेणू म्हणाला, की काय म्हणाला ते पब्लिकला कळेल. सई उठून उभीच राहिली. त्या गोऱ्या पोरीला मात्र काम गेल्याचा निरोप कुणी द्यायचा, यावर त्यांचं जरा वाजलं.

“आणि ती हो म्हणू दे त्याला,” वेणूबाई म्हणाली. “ते ‘वेणू कोण’ नको.”

“काकू, हो म्हटलं की सिनेमा तिथंच संपला.”

“मंग संपू दे.”

सई तिच्याजवळ मोरीच्या कट्ट्यावर बसली. “पण तसं झालं नव्हतं ना.”

“व्हय,” वेणूबाई म्हणाली. “नव्हतं झालं.”

‘वेणू कोण’ हे वाक्य सिनेमात राहिलं.

तो प्रसंग शूट झाला त्या दिवशी राजनंदिनीचं काम आधी उरकलं, कारण तिला दुसऱ्या सेटवर पळायचं होतं. आता स्वानंदचा क्लोज-अप उरला. समोरून तिची वाक्यं म्हणायला कुणीतरी हवं, तर एक असिस्टंट कागद घेऊन उभा राहिला.

“काकूंना उभं करा,” स्वानंद म्हणाला.

“मी काय करू?”

“कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहायचं आणि माझ्याकडं बघून तिची वाक्यं म्हणायची. तुमचा आवाज घेणार नाही, नंतर तिचाच टाकतील.”

“तुमच्याकडं बघून? पब्लिककडं नाय?”

“इथं पब्लिक नाही काकू.”

ती उभी राहिली. गॅसवर खरा कुकर होता, त्याची दुसरी शिट्टी झाली. स्वानंद बोलायचा थांबला. मग त्यानं तिच्याकडं बघून विचारलं, “वेणू, घरी गेल्यावर बोलशील का?”

असिस्टंटनं कागद पुढं केला. वाक्य तर तिचं स्वतःचंच होतं, कागद कशाला लागतोय. पण ते येईना. समोर माणूस होता, मान जरा कलती करून थांबलेला, आणि त्याच्याकडं बघत ते वाक्य तोंडातून निघतच नव्हतं.

“बोलंन की,” वेणूबाई म्हणाली. “इचारलंत न्हवं. बोलंन.”

स्वानंद भूमिकेतून बाहेर आला नाही. त्यानं एकदा मान हलवली, ओठ आत घेतला, आणि खाली बघितलं. सई ‘कट’ म्हणायचं विसरली. शेवटी तिसरी शिट्टी झाली तेव्हा कुणीतरी धावत जाऊन गॅस बंद केला.

“चुकलं माझं,” वेणूबाई म्हणाली. “परत घ्या.”

परत घेतलं. या वेळी तिनं ‘वेणू कोण’ म्हटलं, ठसक्यात, कमरेवर हात ठेवून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पर्स उचलून घणसोली मार्गे जाणारी बस पकडायला निघाली.

सिनेमात सईनं स्वानंदचा पहिल्या वेळचा चेहरा ठेवला. म्हणजे कानावर पडते ती राजनंदिनीची थट्टा, आणि पडद्यावर दिसतो तो ‘बोलंन’ ऐकलेला माणूस. हे सेटवरच्या माणसांनाच माहीत होतं, आता तुम्हाला.

कॉलनीसाठी वाशीच्या एका हॉलमध्ये खेळ ठेवला होता. सनीला सुट्टी मिळाली नाही. वेणूबाई कडेच्या खुर्चीवर बसली, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून. सिनेमात ते वाक्य आलं आणि हशानं हॉल फुटला. लोक मागं वळून वळून तिलाच टाळ्या देत होते, काकू, तुमचं वाक्य, तुमचं वाक्य. पडद्याकडं कुणी बघत नव्हतं. तो चेहरा तेवढ्यात येऊन गेला.

ती घरी आली. भात लावायला पातेलं घेतलं, ठेवलं, आणि माळ्यावरून कुकर काढला. घासला. मूठभर तांदूळ त्यात घातले. पहिल्या शिट्टीला तिनं शालनचं वाक्य म्हटलं आणि श्रीपतच्या वाक्याएवढी थांबली. दुसरीला परत तसंच. भिंतीपलीकडून मालतीबाईनं टीव्हीचा आवाज कमी केला, ऐकायला.

हा सिनेमा तुमच्याकडं लागेल, कधीतरी, कुठंतरी. हसू आलं तर हसा, वाक्य हसण्यासारखंच आहे. पण त्या वेळी त्या बाईकडं बघू नका. त्या माणसाच्या तोंडाकडं बघा. तिला बघता आलं नव्हतं, तेवढं तिच्या वतीनं तुम्ही बघा.